कुंकवापुरती जागा

अंथुर्ण्यात सगळे म्हणायचे, संजीवनीला राग यायला कारण लागत नाही. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं. फक्त ते पुरवायला अख्खा इंदापूर तालुका एका पायावर तयार असायचा, आणि तालुका कमी पडला तर बारामती होतीच.

त्या दिवशी बारामतीची पाळी होती. भिगवण रोडला बियाण्यांच्या दुकानातून ती कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा घेऊन बाहेर आली, तर तिच्या पिकअपच्या पुढ्यात बरोब्बर आडवी एक काळी मोटारसायकल. मालक बेपत्ता. वर श्रावणातली कुचकी भुरभुर चाललेली... धड भिजवत नाही, धड कोरडं ठेवत नाही, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी.

तिने तीनदा हॉर्न वाजवला. चौथ्यांदा वाजवताना तिचं लक्ष मोटारसायकलच्या मागच्या स्टिकरकडे गेलं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी क्यूआर कोड, आणि खाली दोन ओळी : ‘गाडी आडवी आली? स्कॅन करा.’

तिने केला. फोनवर पान उघडलं. तीन बटणं होती. पहिलं, ‘गाडी काढा’. दुसरं, ‘लवकर काढा’. तिसरं, ‘शिवी द्यायची आहे’.

पहिल्या दोन बटणांचा तिने विचारसुद्धा केला नाही. तिसरं दाबल्यावर एक मोकळी चौकट आली आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘कृपया संकोच करू नये’.

संजीवनीने अकरा ओळी लिहिल्या. त्यातल्या नऊ इथे देता येत नाहीत. उरलेल्या दोन अशा : ‘गाडी कुठं लावावी एवढी अक्कल नसेल तर बैल पाळ. बैलाला निदान चुकल्यावर मान खाली घालता येते.’

मिनिटभरात शेजारच्या रेडियम-स्टिकरच्या दुकानातून एक किडकिडीत तरुण फोनमध्ये बघत बाहेर आला. कोपराला स्टिकरचा हिरवा तुकडा चिकटलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“बैलवाल्या तुम्हीच का?”

“आणि ही गाडी तुमचीच का?”

“माझीच. मी अविराज. पोच द्यायला आलोय.”

“कसली पोच?”

“शिवीची. आतापर्यंत एकशे चौदा आल्यात. पण सगळ्या आपल्या एका शब्दाच्या. परिच्छेद पाडून आलेली ही पहिलीच.”

“गाडी काढा.”

“काढतो. पण एक सांगू? ती मान खाली घालायची ओळ... लागली.”

“लागावी म्हणूनच लिहिली होती.”

“तेच म्हणतोय,” तो म्हणाला, आणि त्याने खरोखर मान खाली घातली. भुरभुर त्याच्या केसांवर बसलेली होती, साखर सांडल्यासारखी. संजीवनीला हसू आलं. हसू आल्याचा तिला राग आला. असं तिचं नेहमी व्हायचं.

गाडी काढता काढता त्याने धंदा सांगून टाकला. तो असे कोड बनवायचा. एमआयडीसीतल्या कामगारांच्या डब्यांवर लावायचे, म्हणजे डबे बदलत नाहीत. एका म्हातारीच्या गोळ्यांच्या डबीवर लावलेला होता. नातवाने स्कॅन केला की लेकाचा आवाज यायचा, ‘आई, पांढरी जेवणाआधी’. एकाने कुत्र्याच्या पट्ट्यावर लावून घेतला होता. “परवा एकाने सासुरवाडीच्या दारावर लावायला मागितला,” अविराज म्हणाला. “आत काय लिहायचं विचारलं तर रडायलाच लागला.”

संजीवनी गाडीत बसली. चावी फिरवली. मग पुन्हा बंद केली.

“रोपांच्या ट्रेवर लावता येतील?”

*

तिच्या वडिलांची, सावळाराम तात्यांची, अंथुर्ण्याला मिरची-टोमॅटोच्या रोपांची नर्सरी होती. फाटकावर पाटी होती, ‘संजीवनी रोपवाटिका’. लेक जन्मली त्या वर्षी लावलेली. लेकीचं नाव पाटीला द्यायला तात्यांचं काही जात नव्हतं. पाटी लोखंडी असते, ती सासरी जात नाही. किल्ल्यांची गोष्ट वेगळी. किल्ल्या पुतण्याला, लखनला, जाणार हे गावानं ठरवून टाकलं होतं. लखनला वांग्याचं रोप कुठलं आणि टोमॅटोचं कुठलं हे कळायचं, नाही असं नाही. वांगी आणि टोमॅटो लागल्यावर कळायचं.

संजीवनी कृषीची पदवी घेऊन चार वर्षं त्या शेडनेटमध्ये राबत होती. त्याबद्दल सगळ्यांना कौतुक होतं. “पोरगी म्हंजी वाघीण हाय,” लोक म्हणायचे, आणि लगेच पुढे, “पर आज हितं, उद्या तितं.” हे ‘पर’ ऐकलं की तिच्या कानशिलात ठणका उठायचा. वाघिणीला कुणी असं विचारतं का, बाई तू जंगल सोडून कधी जाणार?

या श्रावणात तिने भांडून तात्यांकडून एक हंगाम मिळवला होता.

“येकच हंगाम,” तात्या म्हणाले होते. “दसरा झाला की भवानीनगरच्या महिपतरावांचा टेम्पो माल उचलाय येनार. तीनशे ट्रे मिरची. निम्मी तिखट, निम्मी भज्याची. ती बिनबोभाट गेली, तर किल्ल्या तुज्या. न्हाय गेली, तर लखनच्या. आन् मग म्होरल्या स्थळाला तू न्हाय म्हणायचं न्हाय.”

आता भज्याच्या मिरचीचं रोप आणि तिखट मिरचीचं रोप शेजारी ठेवलं, तर ते रोपाला स्वतःलासुद्धा सांगता येत नाही. तात्यांची त्यावर तीस वर्षांची युक्ती होती : तिखटाच्या ट्रेला लाल चिंधी, भज्याच्या ट्रेला पांढरी. संजीवनीने त्या सगळ्या चिंध्या सोडून एका पोत्यात भरल्या आणि अविराजच्या दुकानात जाऊन बसली.

“खाली मिरचीचं नाव छापू?” त्याने विचारलं.

“नको. नाव छापलं की लोक नाव वाचून ट्रे उचलतात. पेरणी कधीची, लागवड कितव्या दिवशी, पाणी किती, हे आतलं मग कोण वाचणार? स्कॅन करायलाच लागलं पाहिजे.”

“म्हणजे सक्ती.”

“शिस्त.”

“असं,” तो म्हणाला. “तुमच्या घरात या शब्दावरच्या भांडणात कोण जिंकतं?”

“अजून निकाल लागायचाय. आणि हे बघा, शेडमध्ये रेंज येत नाही. सगळा मजकूर त्या कोडातच बसवा.”

“ठिपके फार बारीक होतील. गोंदणासारखे.”

“होऊ देत. पण देखणं झालं पाहिजे.”

“देखणंच आहे.”

“मी लेबलाबद्दल बोलतेय.”

“मग मी कशाबद्दल...?” त्याने मान वर केली नाही, पण कान लाल झाले.

लेबलं नापसंत करायला ती तीनदा बारामतीला गेली. पहिल्यांदा कडा खरखरीत होत्या. दुसऱ्यांदा हिरवा रंग जास्तच हिरवा होता. तिसऱ्यांदा तिला काही म्हणजे काही खोट सापडेना. तेव्हा खोट सापडू नये असं काम केल्याबद्दल ती त्याच्यावर रागावली. तो लेबलावर फुंकर मारायचा आणि हलकेच तिच्या तळहातावर ठेवायचा. ट्रे उचलून उचलून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. ती हात मागे घ्यायची — पण लगेच नाही.

“तुमच्या हाताला कोकोपीटचा वास येतो.”

“मग नाक लांब ठेवा.”

“ठेवतो की,” तो म्हणाला, आणि ठेवलं नाही.

*

खंडेनवमीला संजीवनी लासुर्ण्याला रोपं पोचवायला गेली होती. पुढं जे झालं त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि हीच सगळ्यात संतापाची गोष्ट होती. वाईट हेतू असला तर निदान भांडता येतं.

नर्सरीत वीस वर्षं काम करणाऱ्या छबूबाईंनी सणाची साफसफाई काढली. बायकांनी सगळे ट्रे उचलून बाहेर नेले, शेड धुतली, ट्रे परत आणून सुरेख ओळीत मांडले. ओळी सरळ होत्या. कुठला ट्रे कुठल्या ओळीतला होता एवढंच कुणी पाहिलं नव्हतं. मग अवजारांची पूजा झाली. खुरपी, पंप, पेरणीचं यंत्र, पाण्याची मोटर. हातात कुंकवाची वाटी होतीच.

दसऱ्याच्या सकाळी संजीवनी शेडमध्ये शिरली आणि जागीच थांबली. तीनशे ट्रे. तीनशे लेबलं. प्रत्येकाच्या मधोमध एक ठसठशीत ओलं बोट — आधी हळदीचं, त्यावर कुंकवाचं.

“छबूबाई... हे काय?”

“काय म्हंजी? पूजा.”

“लेबलांवर?”

“मंग? येवढी बारीक रांगोळी काढलीया येकेका ट्रेवर, आन् तिला कुंकू न्हाय? बघाय तरी बरं दिसतंय का ते?”

संजीवनीने फोन धरला. फोनने लेबलाकडे पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. दुसरं. तिसरं. तिने एक लेबल ओल्या फडक्याने पुसलं, तर ठिपके आणि कुंकू एक होऊन नुसता जांभळा चिखल झाला. ती पुसायची थांबली.

लखन तोवर मागे येऊन उभा राहिला होता. “ताई, मी इचारून बघू का रोपास्नी?” तो म्हणाला. “सांगतीलबी. शिकल्याली रोपं हायती.”

त्याच्यामागून आलेल्या तात्यांनी एक लेबल निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “संजे, आमची चिंधी कदी बंद पडली हुती का?”

त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडण्याला तिच्याजवळ उत्तर होतं. 

“महिपतराव परवा येनार,” तात्या म्हणाले. “लखन, परवा सकाळच्याला हितं ऱ्हा.”

तिने एक लेबल उचकटलं आणि पिकअप बारामतीकडे सोडली. अंथुर्णे ते भिगवण रोड या अंतरात त्या दिवशी तिला जो जो आडवा आला, त्याचा दसरा काही चांगला गेला नाही.

*

अविराजच्या दुकानाला झेंडूचं तोरण होतं. कटिंगच्या यंत्रावर फुलं होती. तिला बघून त्याचा चेहरा उजळला आणि त्याने ठेवणीतलं आपट्याचं पान पुढे केलं.

“सोनं घ्या, सोन्यासारखं —”

“सोनं ठेवा तुमच्याजवळ. आधी हे वाचून दाखवा.”

त्याने लेबल पाहिलं. फोन धरला. तिरका धरला. लांब धरला. मग फोन खाली ठेवला.

“कोडात एक सोय असते,” शेवटी तो म्हणाला. “थोडा भाग मळला, फाटला तरी वाचता यावा म्हणून तोच मजकूर जादाचा आत दडवून ठेवता येतो. किती दडवायचा ते बनवणाऱ्याने ठरवायचं.”

“मग तुम्ही किती दडवला?”

“सगळ्यात कमी. तुमचा मजकूर लांब होता. जादा दडवला असता तर ठिपके आणखी बारीक झाले असते, लेबल काळंकुट्ट दिसलं असतं. तुम्ही म्हणाला होता, देखणं —”

“मी शंभर गोष्टी म्हणते! त्यातलं धोक्याचं कुठलं ते सांगायचं काम कुणाचं? माझं? मग तुम्ही कशाला बसलाय इथं, फुंकरा मारायला?”

रस्त्यावरची दोन माणसं थांबली. अविराज मान खाली घालून उभा राहिला.

“नाही म्हणायला घाबरलो.”

“कुणाला?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दुकानात गेला असता... आणि मग परत कशाला आला असता?”

 एरवी ही वाक्यं ऐकायला संजीवनीने आणखी तीन वेळा लेबलं नापसंत केली असती. आज तिचा संताप दुप्पट झाला.

“असली हौस माझ्या हंगामावर भागवायची नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “तुम्हाला कल्पना आहे परवा काय जाणार आहे? किल्ल्या जाणार. लखनकडे! त्याला मिरची नाकात घातली तरी ओळखू येत नाही!”

ती डोळे पुसायला वळली. त्याने पाणी दिलं नाही, सांत्वन केलं नाही. हे त्याने बरं केलं. तो लेबलाकडे बघत राहिला. मग मोटारसायकलच्या मागच्या दिव्यावर चिकटवतात ती पारदर्शक लाल फिल्म त्याने रिळातून ओढली आणि लेबलावर धरली.

“इकडे या जरा.”

“मी येणार नाही.”

“नका येऊ. तिथूनच बघा.”

ती आली. फिल्मखाली लेबल लाल दिसत होतं, ठिपके काळे — आणि कुंकू नव्हतं. जणू कुणी लावलंच नव्हतं.

“लालातून बघितलं की लाल दिसत नाही,” तो पुटपुटला. “हळदसुद्धा गेली बघा.”

त्याने फिल्ममधून फोन रोखला. पण फिल्म पडली हलक्यातली, चरे गेलेली. कॅमेऱ्याची नजर ठरेना. मग त्याने दुसऱ्या फोनच्या टॉर्चला फिल्म गुंडाळली. “उजेडच लाल करू. अंधार पाहिजे फक्त.”

अंधार काउंटरखाली होता. दोघांनी वाकून आत डोकी घातली. झेंडूचा वास, स्टिकरच्या गोंदाचा वास, एकमेकांचे श्वास... आणि तांबड्या अंधारात तिच्या फोनवर अक्षरं उमटली : ‘मिरची, तिखट’.

“तिखट!” ती ओरडली, ताडकन उठली, आणि फळीवर तिचं डोकं आपटलं.

“लागलं?”

“तुमची फळी आहे तशीच आहे! आणि अंधार माझ्याकडे आहे. बी उगवायला ठेवतो ती खोली. उद्या सकाळी सातला या. उशीर केलात तर तिसरं बटण आहेच.”

जाताना तिने काउंटरवरचं आपट्याचं पान उचललं.  रागानेच.

*

उगवण खोलीला खिडकी नव्हती. संजीवनीने दाराला ताडपत्री लावली आणि दारात छबूबाईंना बसवलं. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे गाव. दुसरं जास्त अडचणीचं होतं : ओळखलेल्या ट्रेला खूण म्हणून तात्यांच्या चिंध्याच बांधायच्या ठरल्या, आणि लाल उजेडात लाल चिंधी आणि पांढरी चिंधी अगदी जुळ्या बहिणी दिसायला लागल्या. तेव्हा आत वाचायचं, ट्रे ताडपत्रीखालून बाहेर सरकवायचा, आणि छबूबाईंनी उन्हात चिंधी बांधायची.

“तिखट!”

“बांदली!”

“भज्याची!”

“बांदली! आन् संजा, आत गप्पाबिप्पा न्हाईत ना चालल्या?”

“नाही!”

“मंग मारा की! दोन तास झालं, मला हितं करमंना!”

तो दिवा धरायचा, ती फोन. दीडशेव्या ट्रेला त्याचा हात भरून आला. तिने न विचारता त्याच्या मनगटाखाली आपला हात दिला.

“मघापासून तुम्ही रागावलेल्या दिसत नाही,” तो म्हणाला.

“रागावलेलीच आहे. लाल उजेडात लाल दिसत नाही. तुम्हीच म्हणालात.”

“हां... म्हणजे आणखी कशाने लाल झाला असाल, तरी ते दिसणार नाही.”

तिने फोन पुढच्या लेबलावर धरला. गाल तापले होते. तापू दिले. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे कुणालाही कळणार नव्हतं, आणि हे सुख इतकं मोठं होतं की तिने ते सहा ट्रेपर्यंत पुरवलं.

“भज्याची,” ती म्हणाली. आवाज मात्र लपला नाही. त्याला लाल उजेडाचा उपयोग नव्हता.

दुपारी ताडपत्री बाजूला झाली. तात्या उभे होते, मागे लखन. आत आलेल्या उन्हाने आतल्या दोघांचे चेहरे जसेच्या तसे उघडे पडले.

अविराज पुढे झाला. “तात्या, चूक सगळी माझी. लेबलं मी कच्ची बनवली. यांचा काही दोष नाही.”

त्याला वाटलं, आता ती कृतज्ञतेनं बघेल.

“सगळी?” संजीवनी उसळली. “सगळी कुणी दिली तुम्हाला? नाव छापू नका असं कोण म्हणालं होतं? मी! चिंध्या कुणी सोडल्या? मी! अर्धी चूक माझी आहे, आणि ती मी कुणाला देणार नाही!” ती तात्यांकडे वळली. “पाटीवर नाव माझं, राबणारे हात माझे. पण चांगलं झालं की नर्सरीचं नाव, आणि चुकलं की किल्ल्या लखनच्या. आता माझी चूकसुद्धा दुसऱ्याच माणसाच्या नावावर चढवायची? चूक करायला तरी मला या घरात जागा आहे का नाही, तात्या?”

छबूबाई चिंधी हातात धरून तशाच राहिल्या. लखनला एकदम फाटकापाशी काहीतरी काम आठवलं.

बांधलेल्या चिंध्यांकडे तात्यांनी पाहिलं. एक गाठ ओढून बघितली.

“किती ऱ्हायल्यात?”

“चाळीस.”

“मंग भाषान काय करतीस? वाच.” आणि ते छबूबाईंशेजारी पांढऱ्या चिंध्या घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी महिपतरावांचा टेम्पो तीनशे ट्रे भरून गेला. पुसलेल्या एका ट्रेच्या जागी जादा पेरलेल्यातला एक दिला. “ह्ये काय, तात्या?” महिपतराव म्हणाले. “चिंधीबी आन् कोडबी?”

“चिंधी माजी, कोड तिचा,” तात्या म्हणाले. “येक बंद पडलं तर दुसरं.”

टेम्पो वळल्यावर त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. तिच्या हातात दिला नाही. तसलं त्यांना जमत नसे. पेरणीच्या यंत्रावर ठेवला आणि म्हणाले, “छबू, ह्येला कुंकू लाव. आज चालंल.”

*

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण अविराज नंतर आलाच नाही.

आलं ते पार्सल. एसटीने. आत नव्या लेबलांचे गठ्ठे. खाली मिरचीचं नाव ठळक छापलेलं, मजकूर आटोपशीर, आणि कोडाच्या मधोमध, जिथं लोक आपलं चिन्ह टाकतात, तिथं एक कोरी गोल जागा. सोबत चिठ्ठी : ‘मधली जागा छबूबाईंच्या बोटाच्या मापाची आहे. आता कितीही पूजा करा, वाचेल. नाही म्हणायला शिकतोय. — अविराज.’

संजीवनीने पार्सल उलटंपालटं केलं. आणखी काही नव्हतं.

“पार्सल!” ती म्हणाली.

“चांगलं हाय की,” छबूबाई म्हणाल्या. “माज्या बोटाचं माप त्यानं कवा घेतलं गं?”

“ते दिसलं त्याला! लेबलावर उमटलेलं तुमचं बोट दिसलं! बाकी काही दिसलं नाही!”

आठ दिवस ती थांबली. नवव्या दिवशी तिने फोनवर स्वतः एक कोड बनवला. जादा मजकूर आत कसा दडवायचा ते शिकून घेतलं, आणि सगळ्यात जास्त दडवला. छापून घेतला, पिकअपच्या दारावर चिकटवला, देवघरातली वाटी घेऊन मधल्या कोऱ्या जागेत स्वतःच्या बोटाने कुंकू लावलं. आणि बारामतीला जाऊन भिगवण रोडवर, त्याच्या काळ्या मोटारसायकलपुढे, गाडी बरोब्बर आडवी घातली.

साखर कारखाने सुरू झाले होते. दोन मिनिटांत मागे उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह अडकला, त्यामागे टेम्पो, त्यामागे दूधवाले. अविराज दुकानातून धावत बाहेर आला आणि थबकला. ती काच खाली करून समोर बघत बसली होती.

“गाडी... आडवी लागलीय तुमची.”

“दारावर लिहिलंय काय करायचं ते.”

त्याने कोड पाहिला. मधलं कुंकू पाहिलं. खिशातून फोन काढताना तो एकदा खाली पडला. मग कोड कुंकवासकट, एका फटक्यात वाचला गेला :

‘गाडी निघणार नाही. मालकीण आत आहे. जे पार्सलने येत नाही ते तोंडाने सांगा.’

एकशे चौदा शिव्यांना हसत पोच देणारा माणूस. तो आता नुसता फोन शर्टाला पुसायला लागला.

“मी येणार होतो... पण वाटलं, चूक माझी... म्हणजे अर्धी... आणि तुम्ही —”

“तू.”

“तू... तुला वाटेल, की मी... म्हणजे मला —”

“आरं बोल की मर्दा!” ट्रॅक्टरवाला वरून ओरडला. “ऊस वाळाय लागला!”

अविराजने डोळे मिटले. “मला रोज तुझ्या शिव्या खायच्यात,” तो म्हणाला. “बटणावरून नाही. समोर बसून. जन्मभर.”

मागचे हॉर्न बंद झाले. दूधवाल्यांपैकी एकाने टाळी वाजवली आणि उरलेल्यांनी त्याला गप्प केलं, उत्तर ऐकू यावं म्हणून.

ऊन लख्ख होतं. लपवायला लाल उजेड नव्हता. संजीवनीचा चेहरा कपाळापासून गळ्यापर्यंत लाल झाला, आणि या खेपेला तो रागाने झालेला नाही हे ट्रॅक्टरवाल्यालाही कळलं.

“बस गाडीत,” ती म्हणाली.

“कुठं?”

“अंथुर्ण्याला. तात्या घरी आहेत. तिथं कोड चालत नाही.”

तो बसला. दुकान उघडं राहिलं, मोटारसायकल तिथंच राहिली. आणि पिकअप निघाल्यावर लक्षात आलं ते मागच्या टेम्पोवाल्याच्या, की आता ती मोटारसायकल त्याला आडवी आलीय. भवानीनगरच्या अलीकडे अविराजचा फोन टिंग टिंग करायला लागला.

“काय ते?” संजीवनीने गिअर बदलत विचारलं.

“तिसरं बटण. टेम्पोवाला.”

“वाच.”

त्याने वाचली. तिने नाक मुरडलं.

“अळणी आहे,” ती म्हणाली. “मीठच नाही तिच्यात. पुढची वाच.”